आनंदवनातली भाजी

9 जुलै हा साधनाताई आमटे यांचा स्मृतिदिन. 2011 साली त्या आपल्यातून गेल्या. त्यांच्याविषयी बोलायचं म्हटलं की बहुतेक जण त्यांचे पती बाबा आमटे यांच्यापासून सुरुवात करतात. मी आज भाजीपासून करणार आहे. धामणगावात ज्यांनी घरामागे चार वाफे केलेत, त्या आयाबहिणींना हे लवकर पटेल.

आपल्याकडचा मे महिना आठवा. सकाळी शिंपलेली मेथी दुपारपर्यंत मान टाकते, सांबाराचा वाफा करपून जातो. तरी आपली जमीन काळीभोर, ओल धरणारी. बाबा आणि ताईंनी कुष्ठरुग्णांसाठी वसवलेल्या आनंदवनाची जमीन कशी होती? आपल्या स्टेशनावरून वर्ध्याला जायचं आणि तिथून बल्लारशाकडच्या गाडीनं वरोऱ्याला उतरायचं. त्या वरोऱ्याबाहेर सरकारनं दिलेली ती जागा म्हणजे खडक आणि काटेरी झुडपं, दगड उचलला की विंचू. 1951 च्या सुमारास बाबा आणि साधनाताई तिथं राहायला गेले. सोबत दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये. विहिरीला पाणी लागेपर्यंत प्यायचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागे.

ताई मूळच्या इंदू घुले. नागपूरच्या घुलेशास्त्रींच्या सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. 1946 मध्ये लग्न झालं आणि पाच वर्षांत त्या या माळावर चूल मांडून बसल्या. गाईची धार काढणं, सगळ्यांचा स्वयंपाक, आजाऱ्यांचं पाहणं, सगळं अंगावर. बाबांच्या कामाला जगभर मान मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. पण रोज सकाळी चूल पेटवून किती माणसं जेवायची ते मोजणाऱ्या बाईचं काम मला त्याहून तसूभरही लहान वाटत नाही.

त्या माळावर वाफे कोणाच्या हातांनी झाले, हे नीट समजून घ्या. कुष्ठरोगात नसा बधिर होतात. आपल्याला काटा टोचला की हात आपोआप मागे येतो. या माणसांना काटा टोचलेला कळत नाही. कुदळीच्या दांड्यानं फोड आला, तो फुटला, त्यात माती गेली, तरी दुखत नाही. न दुखणारी जखम चिघळत जाते आणि बोटं झडतात ती बहुतेक अशानं. म्हणून अशा माणसानं दांड्याला चिंधी गुंडाळायची, आणि दिवस मावळला की हातपाय धुऊन उजेडात बोट न् बोट तपासायचं. अशा हातांनी दगड वेचले, आळी केली, पाणी घातलं आणि भाजी आली. खाऊन उरेल इतकी आली.

ती भाजी वरोऱ्यात विकायला गेली तेव्हा घ्यायला कोणी तयार होईना. महारोग्यांनी लावलेली भाजी घरात कशी न्यायची! वरोऱ्यातल्या बायांना मी दोष देत नाही. प्रत्येकीला घरच्या लेकरांची काळजी. पण शास्त्र तेव्हाही वेगळंच सांगत होतं. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी 1873 मध्येच शोधला होता. हा रोग भाजीतून पसरत नाही, आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद उपजतच असते. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आणि वर्ध्याजवळ मनोहर दिवाणांचं दत्तपूर ही कुष्ठरुग्णांसाठीची कामं आनंदवनाच्या आधीपासून उभी होती. माहिती होती, पण भीती तिला ऐकत नव्हती. आणि आनंदवनात ताईंची मुलं तेच अन्न खाऊन वाढत होती.

पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात आले. त्यांनी दगडविटा वाहिल्या, बांधकाम केलं, रुग्णांच्या शेजारी बसून तिथलीच भाजीभाकरी खाल्ली. वरोऱ्याच्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि मग हळूहळू भाजी खपू लागली. आपल्या शेजारच्या माणसाच्या हातची भाजी घ्यायला आपल्याला परदेशातून आलेली पोरं लागावीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

ताई पुढेही अशाच नव्यानं संसार मांडत राहिल्या. 1990 मध्ये बाबा नर्मदा आंदोलनासाठी नर्मदाकाठी कसरावदला गेले. त्यांची पाठ इतकी खराब की बसता येत नसे, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. साठी ओलांडलेल्या ताई तिथंही सोबत गेल्या. आपली कहाणी त्यांनी ‘समिधा’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. गावच्या वाचनालयात मिळालं तर जरूर घेऊन जा.

जाता जाता एक विनंती. कुष्ठरोग म्हणजे जुन्या काळची गोष्ट नव्हे. 2019 पर्यंत तर आपल्या विवाहकायद्यांत तो घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेला होता. विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथं स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून लागण होणं थांबतं. घरात असं कोणी असेल तर त्याचं ताट वेगळं मांडू नका, आणि वाडीत काम करायची त्याला हौस असेल तर कुदळीच्या दांड्याला तेवढं मऊ फडकं गुंडाळून द्या.