कौतिकची बोली
(अमरावती येथील भाषणाचा गोषवारा)



अर्थशास्त्र शिकविण्यात माझी हयात गेली. मजुरी, कर्ज, कुटुंबखर्च यांचे तक्ते मी फळ्यावर मांडीत असे. परंतु वऱ्हाडातील दारिद्र्य घरात कसे बोलते, हे मला अमरावतीकर उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीने शिकविले. तिच्यातील शिंपी कुटुंबातली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी झुंजत संसार ओढते, आणि बोलते ती वऱ्हाडीत. अशी बोली अभ्यासाने साधत नाही. ती बालपणी चुलीपाशी, नकळत कानांत साठते. तिचा जमाखर्च लेखकालाही ठाऊक नसतो.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांतील वऱ्हाडी शब्द मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने खोडले. प्रमाण भाषा त्यांना यावी, हा हेतू योग्यच होता. पण त्यांच्या आईचे शब्द अशुद्ध ठरविण्याचा अधिकार मला कोणी दिला? त्या खोडलेल्या शब्दांबरोबर किती लेखक मुके झाले असतील, कोण जाणे!

गरिबाच्या मुलाला वह्या-पुस्तके अवश्य द्या. पण त्याच्या बालपणाची त्याला लाज वाटेल असे करू नका. लेखक होऊ पाहणाऱ्या त्या मुलाजवळ तेवढेच भांडवल असते.