अग्निबाण आणि वारा

२१ नोव्हेंबर १९६३ रोजीं केरळांतील थुंबा येथून भारतभूमीवरचा पहिला संशोधन-अग्निबाण झेपावला. उंच आकाशांत सोडियमच्या बाष्पाची रेघ उमटवावी आणि तिच्या हालचालीवरून तेथील वाऱ्याचा वेग जाणावा, हें त्याचें काम होतें. अग्निबाण आणि वारा यांचें नातें असें आरंभापासूनचें आहे. पुरुषभर उंचीचा हौशी अग्निबाण उडविणाऱ्यानेंही तें विसरूं नये.

कर्जत-खालापूरकडे भात निघाल्यावर मोकळीं पडलेलीं खाचरें पाहून उड्डाणास ही जागा नामी, असें तरुण मनास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु पश्चिमेस माथेरान-प्रबळचे डोंगर आणि पूर्वेस बोरघाटाचे कडे, यांच्यामधील ही भूमि. सकाळीं कित्येकदां पानही हलत नाहीं; दिवस तापला कीं समुद्राकडील वारा सुरू होतो आणि डोंगरांशीं अडखळून कधीं झुळूक, कधीं झोत होऊन येतो.

वारा अग्निबाणास आपल्याबरोबर लोटील, अशी सामान्य समजूत असते. जळतें इंधन वर रेटीत असतां घडतें उलटेंच. वाऱ्याचा दाब शेपटाकडील पंखांवर अधिक पडतो, शेपूट सरकतें, आणि वातदर्शक कोंबड्याप्रमाणें नाक वाऱ्याकडे वळतें. दांडा सोडतांना अग्निबाणाचा वेग सेकंदास १५ मीटर आणि आडवा वारा ५ मीटर असेल, तर हवा त्यावर सुमारें १८ अंशांनीं तिरपी येते. वेग ३० मीटर असेल, तर हा कोन साडेनऊ अंशांवर उतरतो. म्हणून वाऱ्यांत दांडा लांब हवा आणि आरंभींचा जोर मोठा हवा.

उतरतांना मात्र सत्ता सर्वस्वीं वाऱ्याची. ६०० मीटरांवर हवाई छत्री उघडून अग्निबाण सेकंदास ५ मीटर उतरूं लागला, तर भूमीस टेकण्यास १२० सेकंद लागतात. सेकंदास ८ मीटरांच्या वाऱ्यांत तेवढ्यांत तो ९६० मीटर दूर जातो. याकरितां जाणते लोक वर लहान छत्री उघडून १५ मीटर वेगानें उतरवितात आणि १५० मीटरांवर मोठी छत्री उघडतात. काळ ६० सेकंदांवर येतो, अंतर ४८० मीटरांवर.

हे आंकडे कागदावरचे नव्हेत. त्या अंतरांत कोणाचें घर असेल, कोणाची गवताची गंजी असेल. खोपोलीचें जलविद्युत्-केंद्र १९१५ पासून मुंबईस वीज पुरवीत आहे. तारांचें जाळें या भागास नवें नाहीं. तारेंत अडकलेल्या अग्निबाणास कोणीं हात लावूं नये. स्फोटक द्रव्यें आणि विमानांचे मार्ग हे सरकारी नियमांचे विषय असल्यानें परवानगी आधीं घ्यावी. अमेरिकेंतील हौशी मंडळांच्या नियमाप्रमाणें वारा ताशीं २० मैलांहून, म्हणजे सुमारें ३२ किलोमीटरांहून, अधिक असल्यास उड्डाण होत नाहीं, आणि दांडा उभ्या रेषेपासून २० अंशांहून अधिक कलवीत नाहींत.

थुंब्यास घन इंधनावर काम केलेल्या डॉ. वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखालीं १९८८ सालीं मोसमी पावसाच्या अंदाजाचें सोळा घटकांचें गणित सिद्ध झालें. अग्नि जाणणाऱ्यानें वायुही जाणावा, याचें हें उत्तम उदाहरण होय. महिनोन् महिने खपून सिद्ध केलेला अग्निबाण वारा वाढल्यावर दांड्यावरून उतरवून घरीं नेणें मनास जड जातें. परंतु ज्यास तें जमतें, त्याच्याच हातीं वात देणें योग्य.