मोटारीतील चोरखटका



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीला मोटारीतला एक खटका येऊन बसावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु इंदिरानगरात राहणाऱ्यास हा विषय परका नाही. आवास विकास परिषदेने ही वसाहत वसविली तेव्हा दारापुढे एखादी स्कूटर उभी राहील, एवढाच हिशेब धरला असावा. आज मुन्शीपुलियापासून भूतनाथ बाजारापर्यंत रात्री कोणत्याही गल्लीत फिरून पाहावे, कितीतरी मोटारी फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला निजलेल्या दिसतील. पौषातल्या धुक्यात तर दहा पावलांवरची मोटारही दिसत नाही. चौकीदाराची शिट्टी तेवढी ऐकू येते. गेल्या काही वर्षांत आमच्याच गल्लीतून दोन मोटारी अशा धुक्यातून नाहीशा झाल्या.

मराठीत 'चोर' हा शब्द मोठा मौजेचा आहे. चोरकप्पा आणि चोरखिसा ही चोराची मालमत्ता नव्हे. चोरापासून वस्तू राखण्याची ती ठिकाणे. रायगडाच्या तटातही चोरदिंडी आहे. इकडचे मिस्त्री ज्याला 'चोर स्विच' म्हणतात, त्यास आम्ही त्याच धर्तीवर चोरखटका म्हणतो. मोटार सुरू होण्यासाठी जी वीज लागते तिच्या वाटेत, धन्यालाच ठाऊक असलेल्या जागी, एक खटका बसवावयाचा. तो बंद असता किल्ली कितीही फिरविली तरी मोटार सुरू होत नाही. कल्पना एवढीच.

कल्पना जुनीही आहे. ॲम्बॅसडर आणि फियाटच्या काळात बॅटरीची वीज किल्लीच्या कुलपातून इग्निशन कॉइलकडे जाई. चोराने बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक तार थेट जोडली की किल्लीचे महत्त्व संपले. म्हणून आमच्या वडिलांच्या पिढीतील सावध गृहस्थ परगावी मुक्काम पडला की बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरमधला रोटर काढीत आणि खिशात घालून निजावयास जात. १९४० साली जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनमध्ये तर उभी मोटार अशा रीतीने निकामी करून ठेवण्याची सरकारी सक्तीच झाली होती. चोरखटका म्हणजे हाच रोटर, पण हात काळे न करता काढता येणारा.

कोणी म्हणेल, आता किल्लीतच इलेक्ट्रॉनिक खूण असते, ती ओळखल्याविना इंजिन चालू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ही योजना सक्तीची आहे. मग खटका कशाला? शंका रास्त आहे. परंतु चोरही शिकले. डॅशबोर्डाखाली तपासणीसाठी जी खोबण असते तेथे यंत्र लावून ते नवी किल्ली मोटारीला 'ओळखावयास' लावतात. बटणाने सुरू होणाऱ्या मोटारीच्या बाबतीत घरात टेबलावर पडलेल्या किल्लीचा संदेशच पकडून मोटारीपर्यंत पोहोचवितात. दोन्ही प्रकारांत मोटारीच्या संगणकाची फसवणूक होते. वाटेत तुटलेल्या साध्या तारेची मात्र फसवणूक करता येत नाही. ती शोधावीच लागते, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या चोरापाशी शोधण्यास वेळ नसतो.

आता तार कोणती तोडावयाची, या खऱ्या प्रश्नाकडे वळू. मिस्त्री बहुधा इंधनपंपाची तार सुचवितात. इंधनपंप बंद पडला की नळीत उरलेल्या इंधनावर मोटार थोडी चालते आणि पुढच्या चौकात थांबते. ऐकावयास हे फार गोड वाटते. पण हाच खटका आपण चालविताना सैल झाला, किंवा मुलाचा पाय लागून बंद झाला, तर? भर वेगात इंजिन थांबले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीन दाबांतच सरते. पॉलिटेक्निक चौकाच्या गर्दीत असला प्रसंग शत्रूवरही येऊ नये. म्हणून आमचे मत स्टार्टरच्या रिलेकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या बाजूचे आहे. तेथला खटका मोटार सुरू होऊ देत नाही, पण सुरू झालेली मोटार थांबवू शकत नाही. धक्का मारून मोटार चालू करता येते, हा त्यातला उणेपणा होय; तो आम्ही पत्करतो.

रिलेच्या तारेतून वाहणारा प्रवाह एक अँपिअरही नसतो, म्हणून लहान खटका पुरतो. प्रत्यक्ष पंपाच्या किंवा स्टार्टरच्या जाड तारेत तोच खटका घातला तर तापून वितळेल, आणि चोरी वाचविता वाचविता मोटार जळेल. जोड डाखाचा असावा. नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड लखनऊच्या जेठातल्या उन्हाळ्यात सुटतो. पिवळ्या आवरणातील तारांना हात लावू देऊ नये, त्या एअरबॅगच्या असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीत हा उद्योग करूच नये. नव्या मोटारीची हमी शिल्लक असेल तर आधी विक्रेत्यास लेखी विचारावे. लालबागच्या दुकानांत हे काम तासाभरात होते. पण फाटकापाशी उभे राहून करवून घ्यावे, आणि मिस्त्रीने खुणेसाठी लाल तार वापरली तर ती बदलून मूळ तारांच्या रंगाची घालावयास सांगावे.

खटक्याची जागा आसनावरून, न पाहता, हाताला लागणारी हवी. मात्र ती कोणाकोणास ठाऊक असावी, याचा विचार आमच्या मते तारेच्या विचाराहून महत्त्वाचा आहे. आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध गृहस्थ या बाबतीत फार काटेकोर होते. पत्नीलाही त्यांनी जागा सांगितली नव्हती. माघातल्या एका रात्री त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. पुण्याहून सुटीवर आलेला मुलगा किल्ली फिरवीत होता. मोटार हूं की चूं करीत नव्हती. मागच्या आसनावर वडील डाव्या हाताने कोठेतरी खूण करीत होते, आणि ती कोणालाच उमगत नव्हती. पक्षाघातात मेंदूची एकेक मिनिट हानी होत असते. अखेर समोरच्या बिऱ्हाडातील मिश्राजींनी आपली मोटार काढली. ते गृहस्थ वाचले. बोलणे बरेचसे परत आले, उजवा हात आला नाही. त्या घरी तो खटका आता काढून टाकला आहे. आमच्या घरी तो आहे, परंतु मोटार चालविणाऱ्या प्रत्येकाने अंधारात तो तीनदा चाचपून दाखविल्यावाचून किल्ली त्याच्या हाती जात नाही. वहिनींनी आणि ताईंनी हे आपल्या यजमानांकडून आजच वदवून घ्यावे.

खटक्यावर सर्वस्वी विसंबणेही बरे नव्हे. उचलून नेणाऱ्यापुढे तो निरुपयोगी आहे. २०२० च्या जूनमध्ये लखनऊ पोलिसांनी एक टोळी पकडली. अपघातात पूर्ण नुकसान झालेल्या मोटारींची कागदपत्रे मिळवावयाची, त्याच बनावटीची मोटार चोरावयाची आणि तिच्यावर जुना चॅसिस क्रमांक कोरावयाचा, अशी तिची रीत होती. मेरठच्या सोतीगंजात चोरीच्या मोटारींचे सुटे भाग होत. तो बाजार २०२१ च्या अखेरीस बंद करण्यात आला. असल्या व्यवसायापुढे आपला खटका तो केवढा! त्याने चोराची दहा मिनिटे खाल्ली तरी पुष्कळ झाले.

विम्याची गोष्टही सांगितली पाहिजे. २००२ च्या मोटार टॅरिफाप्रमाणे पाचव्या वर्षातील मोटारीचे विमामूल्य निम्म्यावर येते. म्हणजे चोरी झाल्यावर पूर्ण दावा मंजूर झाला तरी नवी मोटार घरी येत नाही. चोरीविरोधी उपकरणासाठी त्याच टॅरिफात हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के, फार तर ५०० रुपये सूट होती. पण ते उपकरण पुण्याच्या 'एआरएआय' या संस्थेने मान्य केलेले असावे लागे. घरगुती खटका त्यात बसत नाही. चोरी झालीच तर ताबडतोब ११२ वर कळवावे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली गुन्हा नोंदवावा, विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे. मोटारीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्या. दावा करताना कंपनी त्या मागते, आणि एक हरवलेली असली की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते.

असो. वेळ बराच झाला आहे आणि चहा निवत आहे. श्रोत्यांनी प्रश्न अवश्य विचारावेत. आमच्या मोटारीत तो खटका कोठे आहे, हा एक प्रश्न मात्र अध्यक्षमहोदयांनी स्वीकारू नये, ही विनंती.