गाडीच्या शिरा



आपलं कोयनानगर म्हणजे विजेचं गाव. धरणाचे पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीला जाते. तेथे १९६२ साली वीज तयार होऊ लागली. आज सारा कोयना प्रकल्प १९६० मेगावॅटचा आहे. ती मोठी वीज आणि आपल्या मोटारसायकलची १२ व्होल्टची वीज, दोन्हींचा नियम एकच. तारेला पेलेल तेवढाच भार द्यावा.

हे मी ठेच खाऊन शिकलो. पावसाळ्यात एका रात्री चिपळूणहून कुंभार्ली घाट चढत होतो. धुकं असं की चार हातांवरचं दिसेना. हँडलपाशी वायर घासून उघडी पडली होती. ती सांगाड्याला टेकली. फ्यूज उडायला हवा होता. पण फ्यूजच्या जागी मीच सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली होती! धूर निघाला, दिवा गेला. मागून ट्रक येत होता. गाडी कडेला ओढली म्हणून वाचलो.

मग सगळे वायरिंग नव्याने हाताने केले. कसे, ते ऐका.

आधी कागदावर नकाशा काढा. बॅटरी कुठे, दिवा कुठे, हॉर्न कुठे. मग हिशेब करा. दिवा ६० वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. साठाला बाराने भागा. पाच आले. म्हणजे दिव्याला ५ अँपिअर लागतात. फ्यूज याहून थोडा मोठा घ्या. पण वायरीला पेलेल त्याहून लहानच हवा. तो बॅटरीजवळ बसवा.

वायर तांब्याची, पुष्कळ बारीक तारांची घ्या. एकच जाड तार हादऱ्याने तुटते. माप सुतळीने घ्या. हँडल दोन्हीकडे पुरते वळवून पाहा. वायरीवर ताण येता कामा नये. प्रत्येक कामाला वेगळा रंग ठेवा. वायरी सायलेन्सरपासून लांब बांधा. अर्थ जोडताना तेथला रंग खरवडा. आपल्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणून जोडाच्या अलीकडे वायरीला खाली झोल द्या. पाणी तिथूनच गळून जाईल.

बरं का, दिव्यावर वॅटचा आकडा छापलेला असतो, फ्यूजवर अँपिअरचा. त्या वेळी मला तो वाचता येत नव्हता. तुम्हांला आता येतो. आज घरी गेलात की गाडीचा फ्यूज काढून आकडा वाचा. तिथं चांदी दिसली, तर फ्यूज आणेपर्यंत गाडी हलवू नका.