पडीक वरकसावर रान कसं येतं

कोकणात डोंगरउताराच्या वरकस जमिनीत दोन-तीन वर्षं नाचणी, वरी घ्यायची आणि मग ती काही वर्षं टाकून द्यायची, अशी जुनी रीत. आता कसणारे हात मुंबई-पुण्याला गेले, त्यामुळे कितीतरी वरकसं कायमचीच पडीक झाली आहेत. तिथे पुढे काय घडतं?

सुरुवातीला तण आणि गवत. मग गवतात करवंद, तोरण डोकं काढतात. करवंदं बुलबुल खातात, त्यांच्या विष्ठेतून बी पसरतं. करवंदीची जाळी वाढली की गुरं तिच्यात तोंड घालत नाहीत. आत पालापाचोळा साचतो, ओल टिकते. आईन-किंजळाचं पंखवालं बी वाऱ्याने तिथे येऊन पडतं आणि रोप काट्यांच्या आडोशाने सुखरूप वाढतं. पुढे तेच झाड वर जाऊन सावली धरतं, उन्हावर जगणारं गवत विरळ होतं, खुद्द करवंदही कमी धरू लागतं. आसरा दिल्याची ही परतफेड! त्या सावलीत मग सावली सोसणारी अंजनीसारखी झाडं येतात. देवराईत दिसते ती गर्द झाडी व्हायला मात्र माणसाचं एक आयुष्य पुरत नाही.

असंच इंग्लंडातही घडलं. रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८८२ साली गव्हाच्या उभ्या पिकाचा एक तुकडा न कापता सोडून दिला. चार वर्षांत तिथे गव्हाची मोजकी, खुरटलेली रोपं उरली होती. आज तिथे मोठी झाडं आहेत. पण त्याच तुकड्याच्या एका भागातली झाडंझुडपं नेमाने काढून टाकतात, तिथे अजून रान झालेलं नाही.

आपल्याकडे हे काढून टाकण्याचं काम वणवा करतो. गवत मुळांतून पुन्हा फुटतं, कोवळी रोपं मात्र जळतात. जाड सालीचा कुंभा तेवढा तग धरतो. उघड्या डोंगरावर तो एकटा दिसतो, त्याचं कारण हेच. कातळसड्याची, म्हणजे उघड्या खडकाच्या पठाराची, गोष्ट वेगळी. तिथे माती जेमतेमच, तेव्हा झाडांचा हट्ट धरू नये.

वरकसात खड्डे खणून रोपं लावण्याची घाई मला पटत नाही. तुमचं वरकस पडीक असेल, तर गवत वाळण्याआधी कडेने वणवा अडवणारी जाळरेषा काढा आणि साफसफाईच्या नावाखाली करवंदीच्या जाळ्या तोडू नका.