मोडलेला बोल्ट काढताना घाई नको

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर, ट्रॉली आणि जीप यांना दिवसरात्र विसावा नसतो. नेमका अशाच वेळी एखादा बोल्ट मोडतो. तोडणीवाले फडात बसून राहतात, तुटलेला ऊस वाळत पडतो. मग आपण चिडून पान्याला पाइप लावतो आणि जोर करतो. बोल्ट बोटाएवढा, पण त्यापायी इंजिनाचं हेड उतरवायची पाळी येते. म्हणून मोडलेला बोल्ट कसा काढावा आणि नवा कसा बसवावा, ते आज पाहू.

बोल्ट मोडतो का?

मुख्य कारणं दोन, गंज आणि उष्णता. सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडतात, तो बिडाचा मॅनिफोल्ड रोज तापतो आणि निवतो. त्यात बोल्टचे आटे जखडतात. पाटण, जावळीकडच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-वारणाकाठी पूर आला. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन चालू होते, पण आट्यांत शिरलेली ओल आणि गाळ तसाच राहतो. गंज आतल्या आत वाढतो आणि पुढे बोल्ट खोलायला गेल्यावर कळतो.

मोडण्याआधी बोल्ट इशारा देतो. पाना फिरतोय, पण बोल्ट सुटत नाही, नुसता रबरासारखा पिळतोय असं हाताला जाणवलं की तिथेच थांबा. उलट आवळा, पुन्हा थोडा सोडा. तारेच्या ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी हातोडीने हलके ठोके द्या. एका रात्रीचा खोळंबा परवडतो.

मोडलेला तुकडा बाहेर दिसत असेल तर

तेल मुरल्यावर तुकडा व्हाइस प्लायरने घट्ट धरा आणि थोडा पुढे, थोडा मागे असा हलवत सोडवा. ऐकला नाही तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्या. त्या उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि पान्याला धरायला नवं डोकंही मिळतं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. सांडलेलं तेल, डिझेल पुसून घ्या. पेट्रोलच्या टाकीजवळ किंवा नळीजवळ हे काम करू नका.

तुकडा आत, पृष्ठभागाच्या बरोबरीने मोडला असेल तर

१. तुटलेलं तोंड कानशीने सपाट करा.

२. बरोबर मध्यावर सेंटर पंचने खूण करा. सगळं काम या खुणेवर अवलंबून आहे. ड्रिल एका बाजूला सरकलं तर ते कठीण बोल्ट सोडून शेजारचं बीड किंवा ॲल्युमिनियम खातं. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

३. आधी तीन मिलिमीटरचं ड्रिल सरळ धरून, तेल टाकत, सावकाश चालवा. मग भोक टप्प्याटप्प्याने वाढवा. उलट फिरणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, पुष्कळदा तुकडा त्याच्याबरोबरच बाहेर येतो.

४. भोकात एक्स्ट्रॅक्टर बसवून उलटा फिरवा. मात्र त्यावर जोर करू नका. तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला, तर साधं ड्रिल त्याला लागत नाही.

५. तरीही सुटला नाही, तर भोक आट्यांच्या मुळापर्यंत वाढवावं लागतं. दीड मिलिमीटर आट्याच्या १० मिलिमीटर बोल्टला ही मर्यादा साडेआठ मिलिमीटरची. मग उरलेले आटे टोकदार हत्याराने उचकटून काढा आणि टॅप फिरवून साफ करा. आटे खराब झाले असतील तर लेथवाल्याकडून नवे पाडून घ्या.

यात कमीपणा नाही. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आपल्या भागात लोखंडाचं काम जाणणारे हात आहेत. कुपवाड, मिरज, सातारा इथे लेथवाले सापडतात. मात्र भोक बिघडवून नेण्याआधी त्यांच्याकडे जा.

नवा बोल्ट बसवताना

जुना बोल्ट दुकानात सोबत न्या. जाडी, लांबी आणि आटे जुळले पाहिजेत. डोक्यावरचा आकडाही बघा. ८.८ चा असेल तर ८.८ चाच घ्या. आकडा नसलेला स्वस्त बोल्ट दिसायला सारखा असतो, ताकदीला नाही. आधी हाताने तीन-चार आटे सहज फिरले पाहिजेत. मॅनिफोल्डच्या बोल्टला उष्णता सोसणारं तांब्याचं ग्रीस लावा. पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा.

चाकाचा बोल्ट मोडला तर

मॅनिफोल्डचा बोल्ट मोडला तर आवाज वाढतो, धूर गळतो. चाकाचा बोल्ट मोडला तर जीव जातो. “बाकीचे आहेत की, एवढी खेप कारखान्यावर टाकून येऊ,” असं म्हणू नका. मोडलेल्याचा भार शेजारच्या बोल्टवर पडतो आणि उसाने भरलेल्या ट्रॉलीचं चाक निखळलं तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा काय दोष? ट्रॉली जागेवर उभी करा, चाकांना उटी लावा, माल उतरवा. मोडलेला बोल्ट बदला, शेजारचेही तपासा आणि शंका असेल तर त्या चाकाचे सगळे नवे घाला. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ४०-५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

थोडक्यात ध्यानात ठेवा: पाना पिळायला लागला की थांबा, तेलाला वेळ द्या, खूण मध्यावर करा, बोल्ट जोडीचाच घ्या. आणि हंगामाआधी एक दिवस काढून गाडीचे सगळे बोल्ट पाहून घ्या. तो दिवस वाया जात नाही.