जीवाचा आरंभ आणि पाश्चरचा चंबू

पृथ्वीवर जीव कसा उपजला असावा या विषयावर एका तालुक्याच्या गावी मी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले आणि म्हणाले, "हे सारे ठीक आहे हो, पण जिवावाचून जीव निपजत नाही हे पाश्चरने सिद्धच केले ना? मग पहिला जीव कुणी घातला? तिथे तरी देव मानाल की नाही?"

प्रश्न मोठा नेमका होता. लुई पाश्चर यांचा तो प्रयोग १८६० च्या सुमाराचा. चंबूत साखर व यीस्टचे पाणी घालून ते उकळावयाचे, आणि चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी वाकवावयाची. हवा आत जाते, पण तिच्यातली धूळ वळणातच अडकते. पाणी महिनोन्‌महिने नासत नाही. चंबू कलता करून तेच पाणी त्या धुळीला लावले, की थोड्याच दिवसांत ते जंतूंनी गढूळ होते. म्हणजे जंतू पाण्यातून उपजत नाहीत, धुळीबरोबर येतात.

आता गंमत पाहा. हा निष्कर्ष केव्हा पटतो? आपली पाठ वळताच कोणा अदृश्य हाताने चंबू हलविला नाही, हे गृहीत धरतो तेव्हाच! तसा हात मध्ये येऊ शकतो असे एकदा म्हटले, की पाश्चरचा चंबू काहीच सिद्ध करीत नाही. तेव्हा देवाच्या बाजूने पाश्चरला साक्षीस बोलावणारा त्याचीच साक्ष खोटी पाडीत असतो. शिवाय ती साक्षही केवढी? टेबलावरच्या चंबूत काही महिन्यांत काय घडत नाही, एवढीच. साडेतीन-चार अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रांविषयी तो चंबू काही बोलत नाही.

त्यासाठी दुसरा चंबू लागला. १९५२ साली शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांचे विद्यार्थी स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफ बंद काचपात्रांतून फिरविली व तीत विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याभरात पाणी तांबूस झाले आणि त्यात अमिनो आम्ले सापडली. प्रथिने बनतात ती यांचीच. आदिम हवा बहुधा तशी नव्हती, असा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त आहे. परंतु २०२३ मध्ये बेनू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीतही अशी आम्ले निघाली. तिथे कोणी ठिणग्या पाडावयास गेले नव्हते.

अर्थात विटा मिळाल्या म्हणून वाडा उभा राहत नाही. स्वतःची नक्कल करणारा पहिला रेणू निसर्गात कसा जुळला, हे अजून उलगडलेले नाही. मी ते लपविले नाही. पण त्या मोकळ्या जागेत देवाला बसविणे म्हणजे त्याला भाड्याच्या खोलीत ठेवणे. सजीवांतले पदार्थ जीवनशक्तीवाचून बनत नाहीत असे मानीत, तेव्हा १८२८ मध्ये व्होलर यांनी युरिया बनविला आणि एक खोली खाली करावी लागली. मला विचाराल तर श्रद्धाळू माणसानेच हा सौदा नाकारावा. आणि देव नाही हे सिद्ध झाले म्हणणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते, की चंबूला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मिलर २००७ साली वारले. त्यांच्या जुन्या प्रयोगांतल्या कुप्या मागे राहिल्या होत्या. २००८ मध्ये नव्या उपकरणांनी त्या तपासल्या, तेव्हा वीसहून अधिक अमिनो आम्ले आढळली. खुद्द मिलरना दिसली होती त्याहून कितीतरी अधिक.

हे ऐकून गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पन्नास वर्षे ती कुपीतच होती?"

"होय."

"आणि कुप्या कुणी जपल्या?"

"त्यांनीच," मी म्हणालो. तेवढ्यात एस. टी. ची वेळ झाली म्हणून बोलावणे आले.